पाक नको, साखरेचं पाणी

“दादा, तुझी पोरगी घरात आहे की नाही तेच कळत नाही. तिच्यापेक्षा फ्रिजचा आवाज जास्त येतो.”

हॉलमधून काका बोलला. मी तेव्हा फ्रिजच्याच बाजूला उभी होते, हातात बर्फाचा ट्रे घेऊन. बाबा हसले आणि म्हणाले, “बरंय की मग. तुझ्या घरी बघ, नुसता बाजार भरलेला असतो.”

काका कल्याणला राहतो. एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी तो संध्याकाळी आमच्याकडे डोंबिवलीला येतो आणि दोघे भाऊ एकेक पेग घेतात. कधी दीड. त्याला आमच्या घरात औषध म्हणतात. आई म्हणते, काकू म्हणते, लहानपणी मीही म्हणायचे, आणि कितीतरी वर्षं मला ते खरंच औषध वाटायचं, कारण बाबा ते खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या झाकणानं मोजून स्टीलच्या पेल्यात ओततात. काकडी कापायची, उकडलेल्या शेंगांवर कांदा-लिंबू घालायचं आणि बर्फ द्यायचा, ही कामं माझी. ती झाली की मी स्वयंपाकघरात बसते. हॉल मोकळा झाला की मी दिवाणावर अंथरूण घालते. आमचं घर वन बीएचके आहे. बेडरूममध्ये आई-बाबा, हॉलमध्ये मी.

त्या शनिवारी मला बाबांना सांगायचं होतं की मी ठाण्याला राहायला जाणार आहे.

माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण ठाण्यात भाड्याच्या घरात राहते. तिच्याबरोबर राहणारी मुलगी लग्न ठरल्यामुळे जाणार होती आणि ती खोली रिकामी होणार होती. लहान खोली, एक खिडकी, एक दार. मैत्रिणीनं आधी मला विचारलं होतं, पण सोमवारपर्यंत हो-नाही सांग म्हणाली होती, नाहीतर दुसरी कुणीतरी तयार होतीच. मी मनात कधीच हो म्हटलं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं, आणि तेच जमत नव्हतं.

एक अडचण अशी की ठाणं लांब नाही. बाबांनी सगळी नोकरी ठाण्यातच केली. रोज सकाळी डोंबिवलीहून गेले आणि रोज संध्याकाळी परत आले. त्यांना ‘प्रवासाचा त्रास होतो’ असं सांगण्यात काही अर्थ नव्हता, आणि ते खरंही नव्हतं.

दुसरी अडचण शब्दांची होती. मी इंग्लिश मीडियमची. इंग्रजीत हे वाक्य मला सहज सुचत होतं, दोन-तीन शब्दांचं, कुणाला न दुखवणारं. मराठीत करायला गेले की ते बिघडायचं. ‘मी घर सोडतेय’ म्हटलं की भांडण झाल्यासारखं वाटत होतं. ‘मला वेगळं राहायचंय’ हे आमच्याकडे सुना म्हणतात, आणि त्यानंतर घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ‘शिफ्ट होतेय’ म्हटलं तर बाबा विचारणार, ऑफिस शिफ्ट होतंय का? आठवडाभर मी आंघोळ करताना वाक्यं जुळवत होते. कुठलंच तोंडाबाहेर काढण्यासारखं नव्हतं.

मग मला वाटलं, आपल्याला सुरुवात जमत नाही, पण उत्तर जमतं. शाळेतही मी कधी हात वर केला नाही. बाईंनी विचारलं तर बरोबर उत्तर द्यायचे. तेव्हा बाबांनीच मला काहीतरी विचारलं पाहिजे. मैत्रिणीच्या घरी मी व्हिस्की सावर करायला शिकले होते: व्हिस्की, लिंबाचा रस, साखर आणि बर्फ, सगळं जोरजोरात हलवून गाळायचं. ती बाबांना दिली तर ते विचारणारच, कुठे शिकलीस? मी सांगणार, ठाण्याला. मग पुढचं आपोआप येईल. मीही तिथे घोटभर घेतली असणार हे त्यातून बाबांना कळलं असतं, पण त्याची मला तितकीशी भीती नव्हती.

मैत्रीण त्यात अंड्याचा पांढरा बलक घालते, वर फेस यायला. ते मी घरी काढलंच नाही. शनिवारी आमच्याकडे अंडं येत नाही. औषध येतं.

लिंबापासूनच घोळ सुरू झाला. रेसिपीत लेमन होतं. माझ्या डोक्यातलं लेमन म्हणजे केजीच्या पुस्तकातलं, एलच्या पानावरचं: मोठं, पिवळं, दोन्ही टोकांना निमुळतं. आमच्या घरातलं लिंबू तसं कधीच दिसलं नाही. म्हणून मी आईला विचारलं, ते मोठं पिवळं लिंबू कुठे मिळतं? आई म्हणाली, “ईडलिंबू?” आणि तिनं काकाला फोन केला. त्यानं कल्याणच्या मार्केटमधून दोन आणली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाला, “वा! लोणचं घालताय वाटतं?”

मी एक कापलं. जाड पांढरी साल, आत मोठमोठ्या बिया, रस बेताचाच. आई मागे उभी राहून बघत होती.

“अगं, हे पिळायचं नसतं. लोणच्याचं आहे हे.”

“मग ईडलिंबू कशाला म्हणालीस?”

“तूच मोठं म्हणालीस.”

तेही खरंच होतं. मी रोजचीच लहान लिंबं घेतली आणि पिळली. ईडलिंबाच्या सालीला मात्र इतका छान वास होता की तिच्या दोन पातळ चकत्या मी वर ठेवायला बाजूला काढल्या.

दुसरा घोळ साखरेचा. दुपारी मी आईला सांगितलं होतं, मला जरा साखरेचा पाक लागेल. शुगर सिरपला मला तोच शब्द माहीत होता. मी कपडे वाळत घालून आले तोवर आईनं पाक करून वाटीत झाकून ठेवला होता. आईचा पाक म्हणजे रव्याच्या लाडवांचा. अंगठा आणि बोट लांब केलं की मधे तार धरते. एकतारी.

शेकर नव्हता. मी माझा ऑफिसचा स्टीलचा डबा घेतला, रबराची रिंग असलेला, आमटी न सांडणारा. त्यात व्हिस्की, रस, पाक आणि बर्फ घातला, झाकण दाबलं आणि हलवायला लागले. डब्यात बर्फ असला आवाज करत होता की मलाच दचकायला झालं.

“वहिनी, भांडी आपटताय का कुणावर चिडून?” बाहेरून काका ओरडला.

“मी नाही हो भावजी, ही!”

“ही? काय सांगता!”

झाकण उघडलं तर पाक तळाला गोळा होऊन बसला होता. बर्फाला लागून त्याचे चिकट दोर झाले होते आणि वरचं सगळं नुसतं आंबट. मी चमच्यानं खरवडायला लागले. आईनं चमचा माझ्या हातातून घेतला, डब्यात बघितलं आणि म्हणाली, “हे असं पातळ व्हायला पाहिजे होतं का तुला?”

“हो. पाण्यासारखं.”

“मग पाक का म्हणालीस? साखरेचं पाणी म्हणायचं. मी आपली तार बघत बसले तिथे. नीट सांगायचं ना गं, काय पाहिजे ते.”

ती रागावली नव्हती. पातेल्यात गरम पाणी घेऊन तिनं साखर विरघळवली, थंड पाण्यात पातेलं धरून गार केली आणि माझ्यापुढे ठेवली. सरबत करताना ती हेच करते. मी डबा धुऊन पुन्हा सगळं घातलं. या वेळी हलवताना हात दुखेपर्यंत थांबले नाही. गाळणीनं गाळलं. चमच्याला लागलेलं आईनं जिभेवर घेतलं.

“सरबतच आहे की,” ती म्हणाली. मग चमचा पुन्हा चाटून, “बरं लागतंय.”

शोकेसमधले पाहुण्यांचे काचेचे ग्लास मी काढले, प्रत्येकात सालीची एक चकती ठेवली आणि हॉलमध्ये नेले.

“काचेत कशाला?” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. समोरच्या बिल्डिंगमधून आमचा हॉल दिसतो.

“असू दे रे दादा, सरबतासारखं तर दिसतंय. कोणाला काय कळतंय?” काकानं ग्लास उचलला, एक घोट घेतला, मान वाकडी केली, पुन्हा एक घेतला. “आयला! औषधाला चव आली.”

बाबांनी सावकाश घेतलं. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे बारीक केले, दुसऱ्याला नाही. मी ट्रे पोटाशी धरून उभी होते. एरवी मी आत गेले असते, आणि मी अजून तिथेच आहे हे बाबांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी वर बघितलं.

“कुठे शिकलीस गं हे?”

आठवडाभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मी तोंड उघडलं, आणि माझ्याआधी काका बोलला, “मोबाइलवर, अजून कुठे! आजकाल सगळं मोबाइलवर असतं. आमची धाकटी त्यात बघून पिझ्झा करते. खातो आम्ही, काय करणार.”

“हां, ते आहेच,” बाबा म्हणाले, आणि दोघांचं बोलणं पिझ्झ्यावर गेलं, पिझ्झ्यावरून काकाच्या ओव्हनवर. माझं उत्तर माझ्यावतीनं देऊन झालं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मग मी आत गेले असते, आणि सोमवारी मैत्रिणीला नाही म्हणून कळवलं असतं.

आई हात पुसत दारात आली. “मोबाइलवर काय शिकतेय ही! लोणच्याचं लिंबू आणायला लावलं मला. साखरेचं पाणी पाहिजे होतं आणि म्हणे पाक कर. मी एकतारी करून ठेवला!”

काका खो-खो हसला. बाबाही हसले.

“हिला काय पाहिजे ते हिनं सांगितलं तर ना!” आई म्हणाली.

दिवाणावर काकाची पिशवी होती. ती मी उचलून खाली ठेवली आणि तिथे बसले. काकाचं हसणं हळूहळू थांबलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी बाबांकडे बघत होते. मी म्हणाले:

“मोबाइलवर नाही शिकले. ठाण्याला शिकले, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या घरी. तिच्याकडे एक खोली रिकामी होतेय. पुढच्या महिन्यापासून मी तिथे राहायला जाणार आहे, बाबा. भांडून नाही, रागावून नाही. मला दार लावून झोपायचंय.”