गरम बॉनेट

आज पहाटे शेजारची जुनी डिझेल गाडी बराच वेळ कुरकुरून सुरू झाली आणि पांढऱ्या धुराचा उग्र वास खिडकीतून आत आला. मुलांनो, त्या वासासरशी मी थेट वरव्याला जाऊन पोचले.

मला वेल्ह्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली होती. भोरहून वेळेत पोचणारी एसटी नव्हती, म्हणून तुमचे आजोबा वरव्याच्या चुलतभावाची गाडी विकत घेणार होते. आम्ही ती बघायला गेलो. गाडी आंब्याच्या दाट सावलीत उभी होती. मी बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"भाऊजी, आत्ताच चालू करून ठेवली होती का? थंड असताना सुरू होते ना?"

"ताप बगताय व्हय, वहिनी? थर्मामीटर आणू का?" भाऊजी हसले.

"तुला गाडीतलं काय कळतं? घरचा माणूस आहे," म्हणत आजोबाही हसले. तेव्हा मला ते हसणं भाबडं वाटलं होतं.

थंडी पडली तशी गाडी सकाळी सुरू होईना. शाळेत रोज उशीर होऊ लागला आणि संक्रांतीच्या आधीच माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या.

पुढे गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक येणार त्या सकाळी आजोबा लवकर उठले. खटपट करून त्यांनी गाडी सुरू केली, इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद करून आत आले.

"चहा टाक," ते म्हणाले, "आणि माणसं आली की तू बाहेर येऊ नकोस."