आत्याने मोडलेली सोयरीक

आमच्या थोरल्या आत्याला हळू बोलणं जमतच नसे. आटपाडीहून विट्याला आली की आमच्या घराआधी सगळ्या गल्लीला कळायचं. आम्ही मात्र कुजबुजण्यात तरबेज. आण्णा, म्हणजे माझे वडील, पिऊन पडले की आई दारातूनच सांगायची, "ह्यांना ताप हाय." आण्णांइतका ताप तालुक्यात कुणाला आला नसेल.

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही आण्णा आतल्या खोलीत आडवे. आईने ठरलेलं वाक्य म्हटलं. पोह्यांच्या बशा मांडता मांडता आत्या म्हणाली, "ताप न्हाई, पावनं. भाऊ माझा पिऊन पडलाय. लपवून पोरगी द्यायची न्हाई आमाला." पाहुणे चहाला न थांबता उठले. मी आत्याला नाही नाही ते बोलले. आजही त्याची लाज वाटते. ती म्हणाली, "सोयरीक दुसरी यील, पोरी. भाऊ मला येकच हाय."

आण्णांनी आतून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाले. आत्याने आम्हालाही चपला घालायला लावल्या. "येकटा कशाला जाईल? आजारी समदं घर हाय."

तिथे दर रविवारी घरच्यांची बैठक असे. आई पदर तोंडाला लावून नुसती बसायची. तिसऱ्या रविवारी आत्याच उठली. "पयल्यांदा पिऊन आला तवा आमच्या बापानं ह्याला फोडून काडला असता. मीच म्हनलं, ताप आलाय. ही खोटी सवय माझी हाय." मग आई बोलायला लागली आणि तासभर थांबली नाही. आण्णा मान खाली घालून ऐकत होते.

दिवाळीत आण्णा एकदा घसरले. आईने कुणापासून लपवलं नाही. स्वतः केंद्रात फोन केला, आणि आम्ही तिघी त्यांच्यासोबत पुन्हा सांगलीला गेलो.

त्यानंतर आण्णांनी थेंबही घेतला नाही, त्याला परवा तीन वर्षं झाली. केंद्रात असा दिवस वाढदिवसासारखा केक कापून साजरा करतात. बोलायला उभं केल्यावर आण्णांनी आम्हा तिघींना पुढे बोलावलं. म्हणाले, "लोक म्हंत्यात, गड्यानं दारू सोडली. मी येकट्यानं न्हाई सोडली. आमी चौघांनी सोडली."

आत्या पदराने डोळे पुसत होती. मी दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली, आणि आई चक्क हसली.