वेंडेलिनची अर्धी माळ

वेंडेलिन जिवंत होता तोवर त्याच्या बडबडीने क्रेसेन्झचं डोकं उठायचं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो गेल्यावर तिला त्याच्या गप्प राहण्याची धास्ती वाटू लागली, हे फक्त शेजारच्या अफ्राला ठाऊक होतं. म्हणजे चार दिवसांत तेही गावाला कळलं.

धास्तीचं कारण गव्हाची बिअर. बव्हेरियाच्या त्या जंगलपट्टीत वेंडेलिनच्या बिअरला नाव होतं. मऊ, लवंगेच्या वासाची. क्रेसेन्झने तोच गहू, तोच तांब्याचा हंडा आणि बिअरला कडवट चव देणारी हॉपची तेवढीच मूठभर फुलं घेऊन ती केली, तर कडू विष. साखर घालून पाहिली. साखर यीस्टने खाल्ली, कडूपणा तसाच राहिला.

वेंडेलिनच्या वर्षश्राद्धाची चर्चमधली मिस्सा महिन्यावर आली होती. त्यानंतर गाव तिच्याकडेच प्यायला येणार.

"तो रागावलाय माझ्यावर," क्रेसेन्झ म्हणाली. "आणि मिस्सेला सगळे ते चाखून बघणार."

"जिवंतपणी त्याला रागवायला तू सवड दिलीस कधी?" अफ्रा म्हणाली. "पुढचा हंडा चढवशील तेव्हा मला बोलाव."

बिअरचा हंडा धुण्याच्या खोलीतल्या चुलीवर चढायचा. तिथे दुपारीच धुकं खिडकीला टेकलं होतं. क्रेसेन्झने गव्हाच्या उकळत्या काढ्यात फुलं टाकली आणि जपमाळ हातात घेतली. तिथे सगळ्यांची रीत तीच: माळ सुरू करताना फुलं टाकायची, माळ संपली की गाळायचं. नवरा-बायको मिळून म्हणायची. अर्धी प्रार्थना तिची, अर्धी त्याची.

"नमो मारिया," क्रेसेन्झने आपला अर्धा भाग म्हटला आणि ती थांबली.

समोरच्या तिवईवर वेंडेलिनची टोपी होती. हंडा खदखदत होता. अफ्राने सवयीने उरलेला भाग सुरू केला.

"तू नको," क्रेसेन्झ हळूच म्हणाली. "तो म्हणतोय."

अफ्रा तिवईपासून जरा मागे सरकली. बऱ्याच वेळाने क्रेसेन्झने मान हलवली आणि पुढचा मणी ओढला. पुन्हा थांबली. असं प्रत्येक मण्याला. माळ संपेस्तोवर खिडकीबाहेर काळोख पडत आला.

"झेन्झी," अफ्राने तिला लाडक्या नावाने हाक मारली, "वेंडेलिन तर शब्द गिळत माळ उरकायचा. पाद्रीसुद्धा हसायचे."

"तेव्हा त्याला प्यायची घाई असायची. आता कसली घाई?"

अफ्राने हंड्यात डोकावलं. "म्हणून फुलं दुप्पट वेळ उकळतायत गं. तो कसला रागावतोय? तू त्याच्यासाठी थांबतेस, तो कडूपणा आहे हा. जरा भरभर म्हण."

"बाकी प्रत्येक गोष्टीत भरभर, भरभर म्हणून आयुष्यभर त्याच्या मागे लागले," क्रेसेन्झ टोपीकडे बघत म्हणाली. "आता नाही म्हणणार."

अफ्राने तिवईवरची टोपी जरा सरळ केली. मग म्हणाली, "बरं. उद्या एक हंडा बिनफुलांचा कर आणि यात मिसळ. आणि पुढच्या खेपेपासून माळ अर्धी झाली की फुलं टाक, म्हणजे ती पूर्वीइतकीच उकळतील."

मिस्सेच्या दिवशी गावाने पिंप तळापर्यंत रिकामं केलं. वेंडेलिनची मऊ बिअर परत आली म्हणून कुणी छातीवर क्रॉसची खूणही केली.

आता क्रेसेन्झच्या हंड्यात पहिली अर्धी माळ नुसता काढा उकळतो. अफ्रा सांगते, मला काही ऐकू आलं नाही बाई. पण त्या खिडकीखालून जाताना आतला आवाज थांबला, की तीही पाऊल थांबवते, आणि क्रेसेन्झ पुढचा मणी घेईपर्यंत तिथून हलत नाही.