रघुजींच्या दोन मुली

चिकपेटेतल्या ठोक साड्यांच्या दुकानात विद्याधरने जन्मभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली. निवृत्त झाल्यावर भांडायला कुणी उरलं नाही. तेवढ्यात नव्याण्णव साली त्याच गल्लीत महांतेशचं सायबर कॅफे निघालं आणि त्याची सोय झाली.

त्याच्या आईच्या माहेरच्या कुळाची एक वेबसाइट होती. निपाणीच्या रघुजींचं नाव आणि गाव टाकलं की त्यांची मुलंबाळं समोर येत: थोरली कृष्णा, धाकटी ठकू. ठकू म्हणजे विद्याधरची आई, लग्नानंतरच्या आणि आता ऐंशीला टेकलेल्या अंबुबाई. कृष्णाच्या लग्नात दोन्ही घरांचं मानपानावरून जे बिनसलं ते कायमचं. बहीण पुन्हा दिसली नाही. नवऱ्याने तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, ते लहानग्या ठकूला गर्दीत दिसलं नाही, आणि पुढे घरात ते कुणी उच्चारलंही नाही. आडनाव तेवढं ठाऊक होतं, पाटील. म्हणजे ठाऊक असून नसल्यासारखंच.

एके दिवशी विद्याधरला दिसलं की कृष्णाच्या नावापुढे कुणीतरी नव्याने माहिती भरली आहे. त्याने घाईघाईने त्यावर टिचकी मारली आणि गल्लीतली वीज गेली.

पुढच्या खेपेला पाहतो तर वेबसाइट नटूनथटून बसलेली. कडेला फुलं, वर फडफडणारा झेंडा आणि मधोमध घोषणा, की शोध आता अधिक सोपा. सोपा म्हणजे गावाचा रकानाच काढून टाकलेला. नाव आणि आडनाव टाका, नाहीतर चालते व्हा. खाली बारीक अक्षरांत सूचना, की लग्न झालेल्या मुली यापुढे फक्त सासरच्या नावाने सापडतील. ज्याचं कुणीच हरवलेलं नाही, त्याच्यासाठी फारच सुरेख व्यवस्था. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

विद्याधरने सीता पाटील, राधा पाटील असा सपाटा लावला. लक्ष्मी पाटील इतक्या निघाल्या की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. महांतेशने त्याला, अण्णा, स्वल्प दमानं घ्या, कीबोर्ड माझा आहे, असं आपल्या कानडी मराठीत विनवलं. वेबसाइट चालवणाऱ्या कुळाच्या मंडळाला पाठवलेल्या तक्रारीचं उत्तरही आलं. सूचनेबद्दल आभार, नवी रचना आमच्या मुलांना फार आवडली. मुलांना आपले आईबाप घरबसल्या सापडत होते, त्यांना न आवडायला काय झालं?

शेवटी अंबुबाई स्वतःच कॅफेचा जिना चढून आल्या. मी कुठे आहे ते दाखव म्हणाल्या. सासरचं नाव टाकताच त्या नवऱ्याच्या नावाखाली लगेच सापडल्या. मग त्यांनी ठकू कुठे आहे ते विचारलं. लग्न झालं ना तुझं, म्हणून ती काढली, असं विद्याधरने सांगितलं.

अंबुबाईंनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "तिकडून अक्काच मला शोधत असंल तर? तिला अंबुबाई कोण ते काय ठाव?"

विद्याधरचा सगळा राग गळून पडला. त्याला आईकडे बघवेना. ही शक्यता इतक्या दिवसांत त्याच्या डोक्यातही आली नव्हती.

नवी माणसं भरायची सोय मात्र वेबसाइटवर अजून शिल्लक होती. अंबुबाईंनी ती नीट समजून घेतली आणि पदर सावरून म्हणाल्या, "मग माझं लगीन झालंच नाही असं लिही. रघुजींची मुलगी ठकू. खाली आपला फोन घाल."

त्या न झालेल्या लग्नाच्या एकुलत्या एका मुलाने मुकाट्याने तसं भरलं.