समुद्र डाव्या हाताला

वाट विचारणाऱ्या माणसाचा विश्राम चुरीला जितका तिटकारा होता, तितका चोराचाही नव्हता. चोराला निदान कुठे जायचंय ते ठाऊक असतं, असं तो म्हणे. बोईसरला चित्रालयापाशी कुणी नवखा कामगार ‘भाईसाब, ये कंपनी किधर है’ करत पुढे आला, की विश्राम त्याच्याकडे असा बघे की बिचारा न बोलता पानवाल्याकडे वळे. फोनमधून वाट सांगणाऱ्या बाईचा आवाज तर त्याला सहनच होत नसे. त्याची बायको मंदा बाजारात चार ठिकाणी विचारून पाचव्या दुकानात जाई, आणि हा मागे पिशवी धरून कपाळाला आठ्या घालून उभा राही.

स्वतः तो कधी चुकत नसे. म्हणजे चुके, पण कबूल करत नसे. मंदाच्या भाचीच्या साखरपुड्याला मासवणला निघाला, तो कुणाला न विचारता मनोरच्या अंगाने असा काही फिरला की पोहोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या आवरत होते. नवा रस्ता कसा झालाय ते बघायचं होतं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मंदा उपाशीपोटी शेजारी उभी होती.

पाम गावात चिकूची वाडी, तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात फिटरची नोकरी आणि पन्नाशी उलटलेली, एवढा त्याचा संसार. कारखान्यात तो जुना झाला पण मोठा झाला नाही. कालपरवा आलेली पोरं सुपरवायझर झाली आणि हा व्हॉल्व्ह उघडत आणि आवळत राहिला. याचं कारण उघड होतं. ज्याला कुणाला काही विचारायचंच नसतं, त्याला कुणी काही सांगतही नाही. पण विश्रामच्या मते सगळा कारखाना गाढवांनी भरलेला होता, आणि गाढवांत घोडा मागेच राहायचा.

मग मुलगी लग्न होऊन गेली, तिची मागची खोली रिकामी झाली, आणि त्या खोलीत विश्रामने विमानतळ मांडला. मोठा पडदा, विमानाचं सुकाणू, पायाखाली पेडल आणि कानांवर हेडफोन. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा हा खेळ पोरं खेळतात. विश्राम खेळत नसे, तो ‘उड्डाण करी’. त्यातही वर उडण्याचं त्याला कौतुक नव्हतं. वर काय, मोकळं आभाळ, कुणीही जाईल. खरी लायकी कळते ती जमिनीवर, असं त्याचं ठाम मत. विमान जागेवरून काढून धावपट्टीच्या तोंडाशी नेईपर्यंत मोठ्या विमानतळावर पंचवीस फाटे फुटतात. प्रत्येक रस्त्याला इंग्रजी अक्षराचं नाव, प्रत्येक वळणावर पाट्या. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर असेल तर तो तुमच्या पायाखालचा रस्ता, पिवळ्या पाटीवर काळं असेल तर पुढे फुटणारा, आणि लाल पाटी दिसली की मुकाट थांबायचं. विश्राम विमानतळांचे नकाशे छापून आणी आणि कारखान्याच्या बसमध्ये पाठ करी.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी खेळात निळ्या बाणांची सोय असते. बटण दाबलं की जमिनीवर बाण उमटतात, त्यांच्या मागून गेलं की झालं. या बाणवाल्यांची विश्रामला किळस येई. त्याहून खालची जात म्हणजे टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला, विचारणारे. तिथेही कुणी शौकीनच ऑनलाइन बसलेला असतो, आणि वाट माहीत नाही म्हटलं की तो एकेक वळण सांगत हाताला धरून नेतो. खऱ्या वैमानिकांनाही ती मुभा असते, हे विश्रामला माहीत होतं. ते वैमानिकही त्याच्या मनातून उतरले होते.

पालघर-बोईसरच्या अशा शौकिनांचा एक गट होता, आठ-नऊ जणांचा. शुक्रवारी कारखाने बंद, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरून ऑनलाइन एकत्र येत. विश्रामच्या शेजारच्या वाडीतला मितेश त्यातलाच. भाविका तांडेलही त्यातलीच, दातिवऱ्याची, पालघरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ही भाविका दर शुक्रवारी बिनदिक्कत टॉवरला सांगे, मला वाट माहीत नाही, नेऊन सोडा. हेडफोनमध्ये ते ऐकलं की विश्राम मोठ्याने सुस्कारा टाकी. सगळ्यांना ऐकू जावा इतका मोठ्याने.

एकदा गटात ठरलं की यापुढे सगळ्यांनी एका रांगेत निघायचं आणि पुढे एक कायमचा वाटाड्या नेमायचा. पहिली रांग विश्रामकाकांनी न्यावी, नीट नेली तर तेच वाटाडे. हे ऐकून विश्रामने फक्त ‘बघू’ म्हटलं. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. उभ्या आयुष्यात त्याच्या मागून कुणी चाललं नव्हतं. कारखान्यात नाही, गावकीत नाही, मंदासुद्धा हल्ली दोन पावलं पुढेच चाले. आता त्याच्या शेपटाच्या दिव्याकडे बघत आठ विमानं येणार होती, आणि ते त्याला इतकं हवं होतं की कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

विमानतळ त्यानेच निवडला, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचा, समुद्राला लागून. नकाशा तोंडपाठ केला. जागेवरून निघायचं, समुद्राला समांतर जाणाऱ्या लांब रस्त्याला लागायचं आणि उत्तरेच्या टोकाला धावपट्टी गाठायची.

शुक्रवार उजाडला आणि त्या विमानतळावर दाट धुकं पडलं. खेळात हवा खरी येते, त्याला इलाज नाही. विश्रामला उलट आनंद झाला. धुक्यात बाणवाले आंधळे होतात आणि जाणकार उठून दिसतो. त्याने विमान काढलं, मागे एकेक जण लागला. लांब रस्ता लागला तेव्हा वळण कोणत्या हाताला घ्यायचं ते धुक्यात पटकन उमगेना. तेवढ्यात धुकं जरा विरलं आणि पाण्याची राखाडी पट्टी दिसली. विश्रामने नाक असं वळवलं की समुद्र डाव्या हाताला आला. समुद्र डावीकडे म्हणजे आपण उत्तरेला, पालघरहून डहाणूला जाताना असतो तसे. जन्मल्यापासून त्याने समुद्र मावळतीलाच पाहिला होता. काळी पाटी दिसली, तिच्यावर अक्षरही बरोबर होतं. पण पाटी रस्त्याचं नाव सांगते, तुमचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही. ते सांगायला समोर होकायंत्र होतं. त्याच्याकडे बघणं म्हणजे पुन्हा विचारणंच, म्हणून त्याने ते पाहिलं नाही.

टॉवरवरच्या माणसाने एकदा विचारलं की तुम्ही उत्तरेलाच निघालात ना. विश्रामने तुच्छतेने ‘अर्थात’ म्हटलं.

रांगेच्या शेवटी भाविका होती. धुक्यात तिला पुढचं विमान दिसेना, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे टॉवरला विचारलं. टॉवरने तिला उलट्या बाजूला वळवलं. ते ऐकून विश्राम एकटाच खोलीत हसला.

त्याचं हसू संपतंय तोवर धुक्यातून दोन दिवे समोर आले. दक्षिण टोकाला नुकतंच उतरलेलं एक मोठं विमान त्याच रस्त्याने येत होतं, आणि ते विश्रामच्या नाकासमोर थांबलं. विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही. विश्रामच्या मागे सात विमानं एकमेकांना चिकटून उभी. बोईसरच्या नाक्यावर दोन ट्रक अडकावेत तसा स्पेनचा विमानतळ त्याने अडकवून ठेवला.

हेडफोनमध्ये गलका झाला. टॉवरवरचा माणूस सभ्य होता. त्याने एवढंच विचारलं, वाट चुकली का, मदत पाठवू का. नुसतं हो म्हणायचं होतं. विश्रामच्या घशाशी ते आलंही. भाविका हळूच म्हणाली, “काका, बोला ना. त्याला ठाव हाय, फक्त तुमी म्हणायला पायजे.”

“लाईट गेली,” विश्राम माईकमध्ये म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

डोक्यावर पंखा गरगरत होता. मंदा चहा घेऊन दारात उभी होती. तिने पंख्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवून गेली.

पुढचं त्याला दुसऱ्या दिवशी मितेशने कुंपणावरून सांगितलं, अगदी सहज. विश्रामचं विमान पडद्यावरून नाहीसं झालं आणि पुढचं वळण मोकळं झालं. मग सगळ्यांनीच टॉवरला विचारलं, एकेक जण फिरला आणि भाविकाच्या मागे लागून सुखरूप उडाला. म्हणजे रस्ता अडला होता तो याच्यामुळेच. वाटाडी म्हणून भाविकाला नेमलं होतं. तिथला समुद्र उगवतीला आहे हे तिला कसं कळलं, असं मितेशने विचारलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, “कळलं कुठं? आमच्या दातिवऱ्याला समुद्र मावळतीला हाय, तिथं कुठं हाय ते मला काय म्हाईत. म्हणून तर इचारलं.” मितेशने लाईटचा विषय काढला नाही. त्याच्या घरीही त्याच तारेवरून वीज येत होती.

दुसऱ्या एखाद्याने हसून मान्य केलं असतं आणि पुढच्या शुक्रवारी रांगेत उभा राहिला असता. विश्रामने इन्व्हर्टर बसवला. लाईट फार जाते, असं तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला. पामची लाईट इतकी बदनाम कधीच झाली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी खरोखरच लाईट गेली. बोईसरपासून पालघरपर्यंत सगळा अंधार, गटातलं कुणी आलं नाही. सबंध गावात एकट्या विश्रामचा पडदा उजळलेला होता. तोच विमानतळ, तोच लांब रस्ता. पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. मंदा ओटीवर बसली आहे ना, ते त्याने वाकून पाहिलं. मग दार आतून लावून घेतलं आणि निळ्या बाणांचं बटण दाबलं.

बाण उमटले आणि उत्तरेला वळले. विश्राम त्यांच्या मागून गेला आणि समुद्र उजव्या हाताला आला.