भिंतीबाहेरची गौहर

पहिली भाकरी तव्यावर फुगत होती आणि दुसरीचं पीठ परातीत मळून झालं होतं. याकूब भिंतीला टेकून खोकत बसला होता. चाळीस वर्षं कापूस पिंजून पिंजून या माणसाच्या छातीत आता कापूसच उरलाय, असं इमामबी चेष्टेनं म्हणायची. हल्ली मात्र म्हणताना तिला हसू येत नसे.

दाराची कडी वाजली.

"जिनवाल्या शेठचा माणूस असंल," याकूब म्हणाला.

इमामबीचा हात परातीतच राहिला. जालन्याच्या छावणीत गोऱ्यांचं जुनं कबरस्तान होतं. त्याच्या पडक्या भिंतीपलीकडची सगळी जागा शेठनं जिनिंगसाठी घेतली होती आणि पाया खणायचं काम चालू झालं होतं. मागच्या आठवड्यात तिथल्या दोन बिननावाच्या कबरी मजुरांनी उकरल्या. हाडं गोणपाटात भरली आणि नाल्यात टाकून आले. त्याच ओळीतली तिसरी कबर इमामबीच्या नानीची, गौहरची होती.

पण दारात शेठचा माणूस नव्हता, सरकारी शाळेतले रामराव मास्तर होते. घामाघूम झालेले.

"खाला, जल्दी चला. विलायतेहून देलोर्म साहेब आलाय. त्याच्या घराण्यातल्या कप्तानाच्या थडग्यावर एक अक्षर दिसंना म्हणून नुसता तापून राह्यलाय. विचारतो, चुना कुणी लावला?"

"म्या लावला. दर साली शबे-बरातीला, मेलेल्यांच्या रातीला लावते. माझ्या अम्मीनं लावला, नानीनं लावला."

"तेच सांगितलं मी. तर म्हणतो, लावला तिनंच काढावा."

"जा, नवाबजादी," याकूब म्हणाला. "नानाच्या घरचे आले तुला न्यायला. जहाजात माझ्यापुरता एक कोपरा धर." एवढं बोलून त्याला अशी ढास लागली की पुढचं बोलणं त्यातच गेलं.

इमामबीनं भाकरी उतरवली, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, उलथनं पदराला पुसून हातात घेतलं आणि निघाली. चालताना तिच्या मनात एकच गोष्ट होती. साहेबाला नानीच्या कबरीचं कसं सांगायचं?

गौहर अकरा वर्षं कप्तानाच्या बंगल्यात राहिली होती. निकाह झाला नव्हता, गिरजाघरात काही झालं नव्हतं. अठराशे अठ्ठावन्न साली पटकीनं कप्तान एका दिवसात गेला. आठव्या दिवशी पलटणीनं बंगला रिकामा करून घेतला आणि तीन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन गौहर रस्त्यावर आली. ती मुलगी म्हणजे इमामबीची आई. पुढं बत्तीस वर्षांनी गौहर वारली, तेव्हा तिला माती द्यायला जागा मिळेना. आपल्या मुसलमानांच्या कबरस्तानातले म्हणाले, फिरंग्याच्या घरातली बाई, इथं नको. पादरी म्हणाला, भिंतीच्या आत फक्त आमची माणसं. शेवटी इमामबीच्या बापानं दोन शेजाऱ्यांना घेऊन भिंतीबाहेर, कप्तानाच्या पायाशी खड्डा खणला. इमामबी तेव्हा बारा वर्षांची होती. खड्ड्याच्या काठावर तीच कंदील धरून उभी होती.

नंतर ती भिंत ढासळत ढासळत दगडांची ओळ तेवढी राहिली. दोघांत अंतर चार हात. ही भिंत आता साहेबाच्या घराण्याच्या खर्चानं नव्यानं उभी राहणार होती, सोमवारपासून, जुन्याच पायावर. भिंतीच्या पलीकडे सगळं शेठचं. इमामबी शेठच्या मुनीमाकडे दोनदा जाऊन आली होती. "कबरीवर नाव न्हाई, तुझ्याजवळ कागद न्हाई. मंग कबर तुझी कशावरून?" एवढं बोलून त्यानं तिच्याकडं पाठ केली होती.

साहेब उंच, वाळलेला, सत्तरीच्या घरातला होता. उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. इमामबीला बघून त्यानं थडग्याकडे बोट केलं आणि काहीतरी बोलला. मास्तरांनी ते सांगितलं नाही.

ती खाली बसली आणि खरवडू लागली. पंच्याहत्तर वर्षांचा चुना होता, पोळीच्या पदरांसारखा सुटत होता. कुठल्या वर्षी कळीचा चुना मिळाला आणि कुठल्या वर्षी पाणीच जास्त पडलं, ते तिला थरांवरून ओळखू येत होतं. वरचे तिचे होते, मधले आईचे. दगडाला चिकटून बसलेला, कशानं हलेना असा, तो नानीचा.

सावलीत साहेबानं एक लांबलचक कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्या कागदासाठी तो तीन मुलूख फिरला होता. घराण्याची वंशावळ होती ती, नऊ पिढ्यांची. बोट वरून खाली नेत तो सांगू लागला आणि मास्तर इमामबीसाठी मराठीत सांगू लागले.

"हे मूळचे फ्रान्सचे, खाला. शिपाईगडी. राजानं हुकूम काढला, माझा पंथ तोच तुमचा. यांनी मानला न्हाई. मंग घरं पाडली, वह्यांतली नावं खोडली. मेलेल्याला गावात माती देऊ देईनात. रात्री शेतात न्यायचं आणि गुपचूप पुरायचं."

उलथनं थांबलं. "शेतात?"

"शेतात, परसात, जिथं जमंल तिथं. हा पहिला, ज्याँ. बायको आणि तान्हं पोर घेऊन नावेतून पळाला. पोर रडू नये म्हणून त्याला अफू दिली. ते पोर जागं झालंच न्हाई. त्याचंबी नाव आहे बघा, इथं."

पुढं हॉलंड, मग आयर्लंड, मग मद्रास. दर पिढीत एक तलवार आणि दर पिढीत परका मुलूख. कुणी तापानं मेला, कुणी गोळीनं. आठव्या पिढीत आयझॅक, निजामाच्या पैशावर पोसलेल्या इंग्रजी पलटणीचा कप्तान, जालना.

"बायका हायेत का त्यात?" इमामबीनं विचारलं.

मास्तर कागदावर वाकले. "हायेत. लग्नाच्या."

दुपार डोक्यावर आली तेव्हा अक्षरं उघडी झाली. साहेबानं स्वतः पाणी ओतलं आणि रुमालानं दगड पुसला. मास्तरांनी मनातल्या मनात वाचलं.

"वाचा की," इमामबी म्हणाली.

"नाव आहे. पलटणीचं नाव आहे. साल आहे."

"अजून चार ओळी हायेत, मास्तर. मला वाचता येत न्हाई, पण मोजता येतं."

मास्तरांनी ओळींवर बोट ठेवलं. "लिहिलंय, याला बायको न्हवती, मूल न्हवतं. सोबतीच्या अधिकाऱ्यांनी हा दगड बसवला."

इमामबीच्या बोटांची सालं निघाली होती. नखांत चुना गेला होता आणि तो चरचरत होता. नानीला वाचता येत नव्हतं. आईलाही नाही. या ओळींना तिघींनी दर साली हात फिरवून पांढरं केलं होतं.

साहेब मात्र खूश होता. त्यानं ओळन् ओळ वहीत उतरून घेतली, मग वंशावळीवर आयझॅकच्या नावाखाली पट्टी ठेवून एक आडवी रेघ ओढली.

"खाला," मास्तर हळूच म्हणाले, "सांगू का त्याला, तुम्ही कोण ते? सारं जालना जाणतं. तुमचे डोळेच बघ म्हणून सांगतो त्याला, त्याच्याच डोळ्यांसारखे."

तिनं मान वळवून पाहिलं. पलीकडे मजूर खणत होते. कुदळीचा आवाज सकाळपेक्षा जवळ आला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "दगड खोटा हाय असं म्हटलं, की मी खोटी ठरते. मंग माझं पुढचंबी कोण ऐकंल?"

"अहो, पण ही येळ पुन्हा येणार न्हाई."

"म्हणूनच सांगते, गप ऱ्हावा. कागदावर काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी लिहू द्या."

साहेब गुंडाळी बांधून उठला. त्याचा राग गेला होता. कोटाच्या खिशाकडे हात नेत त्यानं मास्तरांना काही विचारलं.

"म्हणतो, काम चांगलं केलंत. काय देऊ?"

इमामबीनं खिशाकडे जाणाऱ्या त्या हाताला मान हलवून नको म्हटलं. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली आणि साहेबाकडे बघूनच बोलली.

"मास्तर, बराबर सांगा, शब्द बदलू नका. साहेब, तुम्ही म्हटलं तर पलीकडची जागा द्यायला शेठ न्हाई म्हणणार न्हाई. सोमवारी गवंडी येतील, तेव्हा ही भिंत जुन्या पायावर नको. इथून दहा हात पलीकडून घ्या. तिथं एक बाई पुरलीय, तिला आत राहू द्या."