फणसाच्या चिकाचा कौल

कोल्हापूरहून निघताना सुशीलाने मला दारातच दोन गोष्टी बजावल्या. फटफटी हळू हाकायची, आणि काही झाले तरी ह्यांना अर्ध्या वाटेवरून परत आणायचे नाही. सुशीला माझी धाकटी बहीण, आणि ‘हे’ म्हणजे भास्कर. नात्याने तो माझा दाजी. पण एका छापखान्यात आम्ही शेजारी शेजारी उभे राहून खिळे जुळवलेले, त्यामुळे आमचे अरे-तुरे कायम राहिले.

भास्करचे गाव मालवणच्या थोडे अलीकडे. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांनी गावच्या देवळात कौल लावला होता. कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या बहिणीच्या वाट्याला डावी आली. भास्कर तसाच देवळातून उठला, कोल्हापूरला आला आणि लग्न करून मोकळा झाला. तेव्हापासून इतकी वर्षे बापलेकांत शब्द नव्हता. आता सुशीलाला दिवस गेले होते आणि ती हट्टाला पेटली होती. बाळाला आजोळ आहे तसे आजोबांचे घरही हवे, तेव्हा स्वतः जाऊन सांगा, असे तिचे म्हणणे. मला तर त्या पाकळीचाच राग होता. माझ्या बहिणीचे तोंडही न पाहता तिला नापास करणारी ती कोण?

आंबोलीचा घाट उतरलो तशी गार हवा मागे राहिली आणि अंगाला घामाची चिकचिक सुरू झाली. सावंतवाडीला तळ्याकाठी चहा घेतला. पुढे कुडाळच्या रस्त्याला तांबडी धूळ अशी उडत होती की माझा पांढरा सदरा बैराग्याच्या रंगाचा झाला. दोन्ही बाजूंना काजू आणि फणसाची झाडे. वैशाख सरत आलेला, फणस बुंध्यापासून लगडलेले. भास्कर मागे बसून एक एक गाव मला दाखवत होता. पण मालवण जवळ येऊ लागले तसे त्याचे बोलणे आटत गेले.

पिंगुळीजवळ मागचे चाक बसले. कुणा बैलाच्या नालेचा खिळा टायरमध्ये रुतला होता. जन्मभर खिळे जुळवणाऱ्यांना शेवटी खिळ्यानेच अडवले, असे मी म्हणालो, पण भास्कर हसला नाही. पंक्चरची डबी उघडली तर आत रबराचे तुकडे होते, पाने होते, आणि सोल्युशनची नळी सुकून दगड झाली होती. मालवणच्या एसटीला अवकाश होता, आणि फटफटी रस्त्यात टाकून जायचे तरी कुठे?

रस्त्याला लागून एक घर होते. अंगणात एक काकी कळशी उपडी घालून बसल्या होत्या. कळशीच्या बुडाचे भोक त्या फणसाच्या चिकाने बुजवत होत्या. वर्षाचा चीक काठीला गुंडाळून ठेवायचा, लागेल तसा निखाऱ्यावर मऊ करायचा आणि फडक्यावर घेऊन गळक्या जागी दाबायचा, ही इकडची घरगुती रीत. आमची ट्यूब त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“कळशेक ऱ्हवता, तर हेका कित्याक नाय ऱ्हवाचो?” (कळशीला टिकतो, तर ह्याला का नाही टिकणार?) त्या म्हणाल्या.

त्यांनी चीक शेकला, फडक्याचा तुकडा माखला, भोकावर दाबून बसवला आणि ट्यूब सावलीत पाटावर ठेवली. मग म्हणाल्या, “वायच थांबा. घट्ट होवंदे. तवसर पेज खावा.” वायच म्हणजे थोडे. पण मालवणी वायचला घड्याळ लागू नाही, हे मला तोवर ठाऊक झाले होते. उकड्या तांदळाची ऊन पेज, भाजलेला सुका बांगडा आणि करवंदाचे लोणचे पुढे आले. भूक लागली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले, आणि काकींना त्याचाच जास्त आनंद झाला.

भास्कर मात्र दर घासाला उठून ट्यूबला बोट लावून यायचा. शेवटी काकी आत गेल्या तेव्हा त्याने चाक जोडले आणि पंप मारायलाही लागला. मी म्हटले, त्या थांबा म्हणाल्यात ना? तो म्हणाला, झालं की, किती थांबायचं? काकी बाहेर आल्या, चाकाकडे पाहिले, आणि दोन आंबे आमच्या पिशवीत घातले.

चाक धरून राहिले. कसालचा फाटा गेला, मालवणचा रस्ता लागला. मधूनच माडांच्या शेंड्यांवरून खारा वारा येऊ लागला. भास्करची मूठ माझ्या खांद्यावर होती आणि ती घट्ट होत चालली होती. गावाच्या देवळाचा कळस झाडांतून दिसला, आणि तिथेच मागचे चाक डुलू लागले. मी गाडी थांबवली. हवा फुसफुसत निघून गेली.

भास्कर खाली उतरून चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डावो.”

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितले. काकींनी चीक दाबला त्याच वेळी त्याने मनात कौल लावला होता. फडके घरापर्यंत चिकटून राहिले तर वडिलांसमोर जायचे. सुटले तर देवाला अजून मान्य नाही, असे समजून मागे फिरायचे. ज्या कौलाला लाथाडून हा लग्नाला उभा राहिला, तोच आता फाटक्या ट्यूबवर कौल लावत होता.

मला संताप आला. म्हटले, “माझ्या बहिणीचं नशीब तू फणसाच्या चिकाला चिकटवलंस?” तो रस्त्याकडेला बसला आणि रडू लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

तेवढ्यात वरच्या वाटेने डोक्यावर पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) भारा घेतलेला एक म्हातारा उतरला. भास्कर ताडकन उभा राहिला, त्यावरून मी ओळखले, हाच त्याचा बाप. म्हाताऱ्याने भारा खाली टाकला. मुलाकडे पाहिलेच नाही. मला विचारले, खंयसून इलास? मी कोल्हापूर म्हणालो. तो चाकाशी उकिडवा बसला. मी चाक खोलून ट्यूब बाहेर काढून दिली. त्याने फडके अंगठ्याने चाचपले. ते एका कडेने सरकले होते.

“हवा कोणी भरल्यान?” त्याने मला विचारले. मी भास्करकडे पाहिले.

“बाबानू,” भास्कर म्हणाला, “डावो कौल पडलो.” आणि चाकावर कौल कसा लावला, तेही त्याने तिथेच सांगून टाकले.

म्हाताऱ्याने आता त्याच्याकडे पाहिले. “देवाक कित्याक मधी हाडतंस? चीक वलो होतो.” (देवाला कशाला मध्ये आणतोस? चीक ओला होता.) मग तो म्हणाला, “त्या दिवशी पण तू वायच थांबलंस नाय. तू गेल्यार मिया परत कौल लावलंय. देवान उजवो दिल्यान.” (तू गेल्यावर मी पुन्हा कौल लावला. देवाने उजवा दिला.)

एकदा डावा आला तर देवाला पुन्हा विचारायची रीत आहे, हे मला त्या रस्त्यावर कळले. मला राहवले नाही. मग कळवले का नाही, असे मी विचारले.

“इचारूक कोण इलो?” (विचारायला कोण आलं?) म्हातारा म्हणाला.

भास्करने वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि खालीच तोंड करून सुशीलाची बातमी सांगितली. म्हाताऱ्याने पातेऱ्याचा भारा भास्करच्या डोक्यावर ठेवला आणि चाक स्वतःच्या खांद्यावर घेतले. फटफटी एका झाडाला टेकवून आम्ही घरी गेलो.

भास्करच्या आईने त्याला आधी जेवू घातले आणि मग ती रडली. म्हाताऱ्याने जुना चीक खरवडून नवा लावला, वर वाटीने घोटला, आणि सकाळपर्यंत पंपाला कुणाला शिवू दिले नाही. निघताना आईने सुनेसाठी शिरवाळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) साचा दिला. मी “जातो” म्हणालो तर म्हाताऱ्याने अडवले. “येतंय म्हणा,” तो म्हणाला. मी म्हणालो.

ते ठिगळ सावंतवाडीपर्यंतच टिकले असते तरी चालले असते, कारण तिथे सोल्युशन मिळत होते. पण ते घाटही चढले. येताना मी सारखा विचार करत होतो: दोन हट्टी माणसे, एक विचारायला आला नाही, दुसरा सांगायला गेला नाही, आणि मी ज्याच्यावर रुसलो होतो त्या देवाने केव्हाच हो म्हटले होते. त्या बिचाऱ्याला मी उगाच बोल लावत होतो.

घरी पोचलो तेव्हा सुशीला दारातच होती. भास्करने साचा तिच्या हातात दिला आणि सगळे सांगितले. ती ऐकत उंबऱ्यावर बसली. हसू लागली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

“म्हणजे इतकी वर्षं मी उजवीच होते,” ती म्हणाली, “आणि मला कुणी सांगितलंच नाही.”